‘आज इंग्लंड, उद्या आपलं गाव’: फिरत्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी एकाच वेळी अंगावर येते, बाहेरगावचे मजूर टेम्पोतून उतरू लागतात आणि त्याच पंधरवड्यात हा मेसेज जागा होतो. यवतमाळ असो, वाशीम असो की अमरावती. ग्रुप गावचा, पीक सल्ल्याचा नाहीतर गणेश मंडळाचा. शब्द मागेपुढे होतात, सांगाडा एकच राहतो. तो असा:

“इंग्लंडमध्ये घुसखोराने तीन लहान मुली मारल्या. जनता पेटून उठली, सरकार झुकलं. ऑस्ट्रेलिया, आयर्लंड जागे झाले, आपण झोपलोय. आपल्या वावरात परप्रांतीय अन् बांगलादेशी शिरलेत. काम त्यांनी नेलं, रेशन त्यांनी नेलं, ऐंशी टक्के गुन्हे त्यांचेच. पोरं पळवणाऱ्या टोळ्या भिक्षेकऱ्यांच्या वेशात फिरतात, व्हिडिओ पहा. वीस वर्षांत विदर्भात मराठी माणूस शोधावा लागेल. पोलीस काही करणार नाहीत. अनोळखी दिसला की कार्ड तपासा, बंगाली बोलला की धरून ठेवा. खरे मराठी असाल तर दहा ग्रुपवर टाका.”

बहुतेक लोक उत्तर द्यायला ‘काम’ आणि ‘रेशन’पासून सुरुवात करतात. आपण इंग्लंडपासून करू, कारण मेसेजला वजन तिथून आलेलं आहे आणि खोटही तिथूनच आहे.

“घुसखोराने तीन मुली मारल्या, सरकार झुकलं”

29 जुलै 2024 रोजी साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावात, लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात शिरून एका 17 वर्षांच्या मुलाने चाकूने तीन मुलींचा जीव घेतला. आणखी दहा जण जखमी झाले. एवढं खरं. मारेकरी मात्र कोठून आलेला नव्हता. तो कार्डिफ शहरात जन्मला, जन्माने ब्रिटिश. त्याचे आईवडील रवांडा देशातून आलेले.

मग ‘घुसखोर’ कुठून निघाला? मुलगा अल्पवयीन, म्हणून तिथल्या कायद्याने पोलिसांना नाव लगेच सांगता येत नव्हतं. ती मोकळी जागा काही तासांत भरली गेली. अरबी वाटेल असं एक बनावट नाव, ‘गेल्या वर्षी होडीतून आला’ अशी जोड, आणि बातमीच्या वेबसाइटसारखं दिसणारं एक पान. 1 ऑगस्टला न्यायालयाने खरं नाव उघड करू दिलं, पण तोवर साउथपोर्टच्या मशिदीवर दगडविटा पडून झाल्या होत्या. 4 ऑगस्टला रॉदरहॅम आणि टॅमवर्थ इथल्या, आश्रय मागणारे लोक ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेला. माणसं आत असताना बाहेरून आगी लावल्या. लिव्हरपूलला एक वाचनालय जाळलं. वाचनालयाचा मुलींच्या खुनाशी काय संबंध, हे जाळणाऱ्यांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

आता ‘सरकार झुकलं’. महिनाभरात हजारावर लोकांना अटक झाली. खटले वर्षानुवर्षं रखडले नाहीत, ऑगस्टमध्येच शिक्षा होऊ लागल्या. ज्याने हातात दगडही घेतला नाही, फक्त हॉटेलवर हल्ला करा अशी फेसबुक पोस्ट टाकली, त्याला 20 महिने कैद झाली. खऱ्या मारेकऱ्याला जानेवारी 2025 मध्ये किमान 52 वर्षांची शिक्षा लागली, ती नेहमीच्या न्यायालयात, त्याने गुन्हा कबूल केल्यावर. आणि 7 ऑगस्टला, पुढच्या हल्ल्यांसाठी स्थलांतरितांच्या वकिलांच्या कार्यालयांचे पत्ते टेलिग्रामवर फिरले तेव्हा, संध्याकाळी त्या त्या पत्त्यांजवळ हजारो सामान्य रहिवासी येऊन उभे राहिले. दंगलखोर बहुतेक ठिकाणी फिरकलेच नाहीत. ‘जनता उठली’ हे खरंच; कोणाविरुद्ध, ते मेसेजने उलटं सांगितलं.

“ऑस्ट्रेलिया, आयर्लंड जागे झाले”

हे वाक्य फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा थांबून वाचायला हवं. ते जागे झाले ते कोणावर?

31 ऑगस्ट 2025 रोजी ऑस्ट्रेलियाच्या शहरांत स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकात एका देशाच्या लोकांवर खास बोट ठेवलं होतं, आणि तो देश भारत. शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले, असा मजकूर होता. मेलबर्नच्या मोर्चात उघड नवनाझी गटाच्या म्होरक्याने भाषण केलं. त्याच दिवशी त्या गटाच्या लोकांनी तिथल्या मूळनिवासींच्या तळावर हल्ला चढवला. हजारो वर्षांपासून त्या भूमीवर असलेल्या माणसांवर, ‘बाहेरच्यांनो चालते व्हा’ म्हणणाऱ्यांनी.

आयर्लंडची गोष्ट आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. 19 जुलै 2025 रोजी डब्लिनजवळच्या टॅलामध्ये काही आठवड्यांपूर्वीच नोकरीसाठी आलेल्या एका भारतीयाला टोळक्याने रक्तबंबाळ केलं, त्याची पँट काढून घेतली. नंतर समाजमाध्यमांवर पसरवलं काय, तर तो लहान मुलांशी गैरवर्तन करत होता. पोलिसांनी या आरोपात काही तथ्य नसल्याचं सांगितलं. म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या बाजारात भिक्षा मागणाऱ्या भटक्या नाथजोग्यावर जो आळ येतो, तोच आळ डब्लिनमध्ये भारतीयावर आला.

अमेरिकेतली उदाहरणं जुनी आहेत. 2012 च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्यात गोऱ्या वर्चस्ववादी माणसाने गुरुद्वारात शिरून सहा जण मारले. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्ससमध्ये एका हैदराबादच्या अभियंत्याला ‘माझ्या देशातून निघ’ म्हणत गोळी घातली; मारणाऱ्याला तो इराणी वाटला होता. द्वेष करणारा शिरगणती करून द्वेष करत नाही. कातडीचा रंग, दाढी, पगडी, बोली, एवढ्यावर त्याचं भागतं.

विदर्भातली पोरं आज शिकायला आणि कामाला जगभर आहेत. ज्या ग्रुपवर ‘ऑस्ट्रेलिया जागा झाला’ येतं, त्याच ग्रुपवर गावातल्या पोराला मेलबर्नचा व्हिसा मिळाल्याचे पेढ्यांचे फोटोही येतात.

या सगळ्याचा साचा एकच आहे. लेकरू नाहीतर बाई धोक्यात, एक मोठा आकडा, एक जवळची मुदत, आणि झोपलेलं सरकार. फ्रान्समधल्या एका लेखकाने 2011 मध्ये याला ‘ग्रेट रिप्लेसमेंट’ असं नाव दिलं, म्हणजे मूळच्या लोकांना हटवून बाहेरच्यांना बसवण्याचा डाव चालू आहे. मार्च 2019 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या दोन मशिदींत 51 माणसं मारणाऱ्याने आपल्या पत्रकाला तेच नाव दिलं होतं. मृतांत भारतीयही होते. तो मारेकरी स्वतः ऑस्ट्रेलियातून येऊन न्यूझीलंडमध्ये राहिलेला, म्हणजे स्थलांतरितच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासच्या एल पासो शहरात 23 जण मारले गेले. तिथे साच्यात मेक्सिकोकडून येणारे लोक भरले होते. डब्लिनमध्ये भारतीय भरतात. आपल्याकडे वेचणीवाल्या भरतात.

अशा गटांत माणूस एकदम शिरत नाही. सुरुवातीला ग्रुपचं नाव साधं असतं, हरवलेल्या मुलांचे फोटो, गावच्या मदतीचे मेसेज, देशभक्तीची गाणी. मग ‘विनोद’ येतात, कोणाची तरी बोली, जेवण, वास यांवरचे. विनोदाला कोणी हरकत घेत नाही हे दिसलं की आकडे येतात. पुढे ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो असं होतं, म्हणजे ‘हे खोटं आहे’ म्हणायची सोय बंद. शेवटी दुसऱ्या ॲपची लिंक, आणि तिथे ठिकाण, वार, वेळ. ग्रुप कोणत्या पायरीवर आहे ते ओळखायला सोपी खूण म्हणजे उत्तर देण्याची मुभा केव्हा काढली गेली ते पाहणं.

“काम त्यांनी नेलं”

इथे हिशेब मांडू. कोरडवाहू पऱ्हाटीला एकरी सात-आठ क्विंटल धरा. पहिल्या वेचणीत त्यातला साधारण अडीच क्विंटल येतो. गावात 500 एकर कापूस असेल तर पहिल्याच वेचणीला 1,250 क्विंटल, म्हणजे सव्वा लाख किलो. चांगली फुटलेली पऱ्हाटी असेल तर एक बाई दिवसाला 35 किलोच्या आसपास वेचते. म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक दिवस-मजुरी. पंधरा दिवसांत उरकायचं तर रोज जवळपास 240 बाया लागतात. त्याच पंधरवड्यात सोयाबीन उभं असतं, शेंगा तडकायच्या आत कापायचं असतं. गावात काम करू शकणाऱ्या, दुसरं काही हाती नसलेल्या 240 बाया मोजून दाखवा.

नसल्या तर काय होतं, तेही ठाऊक आहे. फुटलेलं बोंड लोंबकळत राहतं, परतीचा पाऊस पडला की सरकीला कोंब येतात, रुई पिवळी पडते, पाल्याचा कचरा चिकटतो. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, पण तो 8 टक्के ओलाव्याला. 12 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की खरेदी केंद्रावरून गाडी परत. मग तोच माल खाजगीत जो देईल त्या भावाने. मेळघाटातून, बैतूल-खरगोन-बडवानीकडून मजूर आले नाहीत, तर कामाआधी कापूस जातो. सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) करून वावरात उतरलेल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायला नको.

एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकू नये: बाहेरची टोळी आली की गावातल्या मजूर बायांचा दर दबतो. का दबतो? टोळीने दिवाळीआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत त्यांना दर ठरवायची ताकदच नसते. शेतकरी किलोला दहा रुपये मोजतो, मुकादम त्यातून आपला वाटा काढतो, उचलीचा हप्ता काढतो, आणि वेचणारीच्या हाती उरेल ते. गावची बाई दहा मागते तेव्हा शेतकऱ्याला ‘टोळी स्वस्त’ वाटते, प्रत्यक्षात स्वस्त झालेला असतो तो त्या बाईचा वाटा. दोघींना भांडायला लावून मधला मोकळा.

यावर वावरातच करता येण्यासारखं आहे. गावची आणि बाहेरची, दोघींना एकच दर, तोही पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून. वजन मुकादमाच्या ताणकाट्यावर करू नका. जुनी स्प्रिंग सैल झाली की आकडा भरवशाचा राहत नाही. आपला इलेक्ट्रॉनिक काटा सपाट लाकडी फळीवर ठेवा, रिकाम्या गाठोड्याचं वजन आधी एकदा करून तेवढंच वजा करा. सकाळच्या दवाने ओल्या कापसाची ‘तूट’ अंदाजाने कापू नका, त्यावरूनच निम्मी भांडणं होतात. दव उतरल्यावर वेचणी सुरू करा. रोजचं वजन वहीत, वेचणारीसमोर. आणि निदान आठवड्याचा पैसा थेट तिच्या हातात. मजुरांची ई-श्रम नोंदणी नसेल तर सेवा केंद्रात फुकट होते, 16 ते 59 वयापर्यंत, 12 आकडी क्रमांक मिळतो.

“रेशन त्यांनी नेलं”

थोडक्यात. ज्याचं कार्ड, त्याचं धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो, हे त्या त्या कार्डाशी बांधलेलं आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’मध्ये बैतूलची बाई इथल्या दुकानात अंगठा लावते तेव्हा ती तिच्याच कार्डाचं धान्य उचलते आणि तिकडे तेवढं कमी होतं. तुमच्या कार्डाला त्याने हात लागत नाही. असं उचललेलं धान्य दुकानदाराच्या हिशेबात वेगळं दिसतं आणि त्याप्रमाणे पुढचा साठा भरून मिळतो. दुकानदार ‘परप्रांतीयांनी नेला, संपला’ म्हणाला तर मशीनची पावती मागा. तुमच्या कार्डावर किती उचल दाखवली आहे ते पावतीवर छापून येतं. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं, आणि त्या उत्तराला हिंदी येत नसते.

“ऐंशी टक्के गुन्हे त्यांचेच”

हा आकडा कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक वार्षिक अहवालात कैदी त्याच राज्याचा, दुसऱ्या राज्याचा की परदेशी, हे दिलेलं असतं. ज्याला शंका असेल त्याने महाराष्ट्राची ओळ उघडून पाहावी. मेसेज लिहिणाऱ्याने पाहिली नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल त्याच विभागाचे आकडे सांगतात की 90 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. वेशीवर पहारा बसवून हा आरोपी सापडत नाही.

एखादा बाहेरचा मजूर गुन्हा करतोही. सप्टेंबर 2018 मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात एका चिमुकलीवरच्या अत्याचारात बिहारी कामगाराला अटक झाली. त्यानंतर हजारो हिंदी भाषकांना रातोरात गुजरात सोडावं लागलं. आरोपी पहिल्या दिवशीच कोठडीत होता. पळाले ते दुसरेच, आणि सणासुदीच्या तोंडावर हात कमी पडले ते तिथल्या कारखान्यांना. हाच न्याय पुण्यात आपल्या पोरांना लावला तर? चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत वऱ्हाडातल्या पोरांच्या खोल्यांच्या खोल्या आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथे मराठी बोलणाऱ्या त्याच परप्रांतीय असतात.

“पोरं पळवणाऱ्या टोळ्या, व्हिडिओ पहा”

या मेसेजमधला सर्वांत जीवघेणा भाग हा. बाकीच्या मुद्द्यांनी माणसं कडवट होतात, याने माणसं मारली जातात.

2018 मध्ये जो व्हिडिओ देशभर फिरला, त्यात मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतला होता. एका पाकिस्तानी संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात. मूळ जाहिरातीत ते दोघे शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. त्या कापलेल्या काही सेकंदांनी त्या वर्षी देशभरात घडलेल्या मारहाणींना हातभार लावला. मृतांची संख्या वीसच्या वर गेली.

1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेले पाच जण जमावाने मारले. पळवून नेणारी टोळी म्हणून ज्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचलं, ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बरेचसे सोलापूरच्या मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या भटकणारे. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात याच अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक गेला. आणि विदर्भाला लांब जायची गरज नाही: मे 2012 मध्ये नागपूरच्या कळमना भागात बहुरूपी नाथजोगी समाजाच्या तीन माणसांना चोर समजून जमावाने संपवलं. तेव्हा गावोगाव स्मार्टफोनही नव्हते. अफवेला फोन लागत नाही, फोनने तिचा वेग वाढतो एवढंच.

मेसेज म्हणतो तो बांगलादेशी या तिन्ही ठिकाणी कोणीच नव्हता.

असा व्हिडिओ आला तर पाच मिनिटांत काय पाहता येतं? वर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर तो पाच किंवा जास्त हातांतून आला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने काही पाहिलेलं नाही. अशा मेसेजला व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जाऊ देतं, ते 2018 च्या मृत्यूंनंतर टप्प्याटप्प्याने आलेल्या मर्यादांमुळेच. मग आवाज बंद करून पहा. आवाज वरून चिकटवलेला असतो, आणि तो काढला की चित्रात काहीच घडत नसल्याचं दिसतं. गाड्यांच्या पाट्या, दुकानांची अक्षरं, पोलिसांचा गणवेश, विजेचे खांब, झाडं पहा. विदर्भातलं म्हणून सांगितलेल्या चित्रात नारळाच्या रांगा असतील तर विषय तिथेच मिटतो. तरी शंका असेल तर तीन वेगवेगळ्या जागी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. एकच घेतला तर चुकतं, कारण पहिली चौकट बहुतेक धूसर असते. शेवटी, घटनेचं गाव मेसेजमध्ये असेल तर त्या ठाण्याला फोन. गावाचं नावच नसेल तर फोनचीही गरज नाही.

उत्तर टाकताना मूळ व्हिडिओ पुन्हा जोडू नका. ‘हे खोटं आहे’ असं लिहून तोच व्हिडिओ पुढे गेला, तर दोन ग्रुपनंतर लिहिलेलं गळतं आणि व्हिडिओ उरतो.

“वीस वर्षांत मराठी माणूस शोधावा लागेल”

विदर्भात माणसं भरत चालली असती तर जनगणनेत दिसलं असतं. 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली. वर्ध्याची सुमारे 5, भंडाऱ्याची साडेपाच, चंद्रपूरची साडेसहा टक्के. राज्याच्या लोकसंख्येतला विदर्भाचा वाटा सव्वाएकवीस टक्क्यांवरून साडेवीसवर आला. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा 66 वरून 62 झाल्या, लोकसभेच्या 11 वरून 10. त्या चार आमदारक्या कोणा परप्रांतीयाने नेल्या नाहीत. माणसं मुंबई, ठाणे, पुण्याकडे वाढली, जागा तिकडे गेल्या. विदर्भाचं दुखणं माणसं येण्याचं नसून जाण्याचं आहे, आणि कापूस वेचून होळीच्या आत परत निघणाऱ्या टोळीने ते बरंही होत नाही, वाढतही नाही.

“बंगाली बोलला की धरून ठेवा”

2011 च्या जनगणनेत एकट्या पश्चिम बंगालमध्ये नऊ कोटींहून अधिक भारतीय होते. बोली ऐकून सीमा कळत नाही. ती पोलिसांनाही कळली नव्हती. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून पकडून बांगलादेशात ढकललेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना भारतीय असल्याचं सिद्ध झाल्यावर परत आणावं लागलं. ज्यांच्याकडे कागद आणि यंत्रणा आहे त्यांची ही गत, तर पानठेल्यावरच्या चौघांची काय होईल?

आणि विदर्भातच बंगाली गावं आहेत. गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनेच जमिनी देऊन वसवलं, त्याला अर्धं शतक लोटलं. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. हे लोक धान पिकवतात, बाजार करतात, मतदान करणारे मतदान करतात. मेसेजच्या नियमाने यांतल्या कोणालाही सडकेवर अडवता येईल.

कागदांचं म्हणाल तर आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे ते असलं म्हणून भारतीय ठरत नाही आणि नसलं म्हणून परदेशीही ठरत नाही. जन्मदाखला उशिरा काढलेला असणं ही तर खेड्यात रीतच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेल्या 1 जूनच्या जन्मतारखा गावात किती आहेत ते एकदा मोजावं. त्या हिशेबाने निम्मं गाव संशयित. परदेशी कोण हे ठरवण्याची पद्धत इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, 2025 मध्ये आहे, तो 1 सप्टेंबर 2025 पासून लागू आहे. ते काम सरकारी यंत्रणेचं. कायद्याने पुरावा त्या माणसाकडे मागितला आहे तो अधिकाऱ्यापुढे, चौकातल्या घोळक्यापुढे नाही.

“पोलीस काही करणार नाहीत, तुम्हीच धरा”

धरणाऱ्याचं काय होतं ते मेसेजमध्ये नाही, म्हणून इथे. वाट अडवणं आणि कोंडून ठेवणं हे भारतीय न्याय संहितेत वेगवेगळे गुन्हे आहेत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर कलम 103(2) प्रमाणे प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी. ‘प्रत्येकाला’ हा शब्द महत्त्वाचा; मारहाणीत फक्त व्हिडिओ काढत होतो, हे सांगून प्रत्येक वेळी सुटता येत नाही. गंभीर इजा झाली तर कलम 117(4), सात वर्षांपर्यंत. मेसेज पसरवून वैर वाढवलं तर कलम 196. झुंडबळींविषयीच्या 17 जुलै 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. ठाण्याने फोन उचलला नाही, तर तक्रार तिथे.

अनोळखी माणूस खरंच संशयास्पद वाटला तर 112 लावा आणि पोलीस पाटलाला कळवा. अशी खबर घेणं हे ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार त्याचं कामच आहे. गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. माणसाला हात लावू नका, त्याचं कार्ड काढून घेऊ नका, फोटो ग्रुपवर टाकू नका. जमाव जमतोय असं दिसलं तर त्या माणसाला बाजूच्या घरात न नेता पोलिसांशी फोन चालू ठेवून उघड्यावर, चार ज्येष्ठांच्या मध्ये उभं करा. राईनपाड्यात बंद खोलीच घातक ठरली.

टोळी आली की पहिल्याच दिवशी पोलीस पाटलाकडे यादी द्यावी, ही जुनी पद्धत चांगली आहे. फक्त ती अर्धी भरली जाते. वेचणाऱ्यांची नावं, मूळ गाव, फोन एवढंच लिहिलं जातं. मुकादमाचं नाव-पत्ता, वावराच्या मालकाचं नाव, ठरलेला दर आणि दिलेली उचल हेही त्याच कागदावर हवं, आणि एक प्रत टोळीतल्या शिकलेल्या एखाद्या पोरीकडे. हंगामाच्या शेवटी मुकादम पैसे न देता गायब झाला, तर ठाण्यात आणि कामगार कार्यालयात दाखवायला तिच्याकडे तोच कागद असतो.